पौषातलं कार्यालय

पौषात मुहूर्त नसतात,
म्हणून वसमत रोडचं मंगल कार्यालय निम्म्या भाड्यात मिळालं.
पहिल्या वर्षी आम्ही अकरा जण, वॉचमन धरून.
बॅनरवर फैजानने रंगवलं:
जगात जपान, भारतात परभणी.

खलीलचाचांनी किमोनो शिवला,
गाऊन समजून त्याला खिसा लावला.
तिकिटांची चिल्लर अजून त्यातच असते.

ऐन लढाईत लाईट गेली.
रेवती उठली, अंधारातच उरलेला एपिसोड
सांगत राहिली, तलवारींच्या आवाजासकट.
‘काय करायलेत ही लेकरं’ म्हणणारा वॉचमन
भिंतीला टेकून ऐकत होता.
लाईट आल्यावर म्हणाला,
‘मंग मेलं का ते पोरगं?’

वहीत लिहिलंय: तूट सातशे चाळीस.
तिसऱ्या वर्षी माणसं नव्वद, तूट दोन हजार.
पुढं दोन पानं कोरी,
ती वर्षंच तशी होती.
फैजान पुण्यात, रेवती हैदराबादेत;
सतरंजीचे पैसे मात्र दोघंही न मागता पाठवतात.

यंदा नववं.
मी खुर्च्या मांडतोय, तोच दारात
सेलूची एक मुलगी.
थर्माकोलचा एक पंख एसटीत मोडलेला,
दुसरा छातीशी धरलेला.
‘इथंच आहे का ते?’

थांब, म्हटलं,
फेविकॉल कुठंतरी ठेवलाय.