समासातलं

केतकीने पट्टी ठेवून रेघा मारल्या:
धर्म, संस्थापक, ग्रंथ, मुख्य शिकवण.
चार रकाने, सात ओळी, उद्या द्यायचंय.
"पप्पा, तुम्ही तर सगळीकडे जाता."

जातो. सव्वीस वर्षं, शिडी खांद्यावर,
दांडिया बाजारापासून फतेहगंजपर्यंत.
पण मी वायरमन, पोरी.
मला सगळ्यांची छतं पाठ आहेत,
संस्थापक नाहीत.

बरं, लिही.
चर्चमध्ये क्रूसामागे ट्यूब बसवत होतो.
क्रूस नुसताच, लाकडाचा. मी विचारलं,
माणूस कुठाय? चित्रात तर असतो.
पाद्री म्हणाले, तो उठला.
एवढंच, आणि होल्डर धरून उभे राहिले.

मशिदीत समोर कोनाडा, तोही रिकामा.
मूर्ती नाही, तसबीर नाही,
म्हणजे खिळा कुठेही मारावा, कोणी रागवत नाही.
भर मे महिना, रमझान, मी पंखे उतरवतोय,
आणि खाली युसूफचाचा
माझ्यासाठी सरबताचा ग्लास घेऊन उभे.
ओठ त्यांचे पांढरे पडलेले.
हे कुठल्या रकान्यात बसतं, तूच बघ.

गुरुद्वारात ग्रंथाला रात्री निजवतात.
निजायच्या खोलीतला एसी मीच लावला.

अग्यारीत मला आत सोडत नाहीत.
फ्यूज बाहेरच्या भिंतीवर आहे, तेवढा माझा.
एकदा रस्ताभर लाइट गेली, मी धावत गेलो,
तर दस्तूरजी पायरीवर निवांत बसलेले.
आमचं आत चालू आहे, म्हणाले.

आणि उपाश्रय.
अंधार पडत होता, महाराजसाहेब भिंतीला टेकून,
मला वाटलं बिघाड झालाय, पेटी उघडून बसलोच.
ते गुजरातीत म्हणाले, जीवडां आवे, भाई.
दिव्यावर किडे येतात, मरतात.
मी पेटी मिटली.
आमच्या धंद्यात एवढ्या मऊपणाने
कोणी परत पाठवलेलं नाही.

विहारात वैशाखी पौर्णिमेच्या माळा सोडत होतो,
शांताबाई कांबळे मुलांना सांगत होत्या,
आपला दिवा आपणच व्हायचं, दुसऱ्याची वाट बघायची नाही.
मी शिडीवरून म्हटलं, मावशी, मग आमचं पोट?
त्या हसल्या. बिलाचे सगळे दिले, सुटे पैसेसुद्धा.

यहुदी नाहीत तुझ्या यादीत?
समासात लिही मग.
आपल्या समोर राहायच्या, सिमखाबाई पेणकर.
बोलणं आपल्यासारखंच, वरण-भात आपल्यासारखाच.
शुक्रवारी ऊन उतरलं की बटणाला हात नाही,
शनिवारी तारे दिसेपर्यंत.
देवाने सातव्या दिवशी काम थांबवलं, तर आपण कोण?
आणि "लाव" असं दुसऱ्याला सांगणंही नाही.
तर गॅलरीत येऊन आकाशाशी बोलल्यासारखं म्हणायच्या,
"आज काळोख जरा लवकरच झाला, नाही?"
मी हातातला घास ठेवून जायचो,
बटण दाबायचो, बोलायचो नाही काही.
त्याही नाही.
नऊ वर्षं, दर शुक्रवारी.
मुलगा अश्दोदला घेऊन गेला त्यांना.
अजून शुक्रवारी जेवताना
माझा कान गॅलरीकडे असतो.

केतकी पेन चावत होती.
रकाने तसेच कोरे, समास मात्र भरून
अक्षरं पानाच्या कडेवरून वळलेली.
"आणि आपला? आपली शिकवण काय लिहू?"

मी देवघराकडे बघितलं.
तिथला झिरोचा बल्ब
गणपतीपासून गेलेला आहे.
रोज बघतो. रोज म्हणतो, उद्या.
आईने निरांजनावर भागवलंय.

"स्टूल आण," म्हटलं.
"आणि थांब, आधी मेन बंद कर."