एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सदतीस

प्रिंटर सरपंचांच्या खोलीत, कपाटावर.
संगणक इथं, माझ्यासमोर.
मधे एक भिंत आणि बाबली इलेक्ट्रिशियनने
"फाल्यां घालतां" म्हणून न घातलेली वायर.
म्हणून वायफाय.

संगणक शाळेने टाकून दिलेला.
विंडोजचे पैसे कोण भरणार, म्हणून मास्तरांनी
जाता जाता लिनक्स चढवून दिलं,
वर पेंग्विनचा स्टिकर. त्याची चोच आता सोललीय.
मास्तर निवृत्त होऊन कुडचड्याला गेले, फोनवर एवढंच म्हणतात:
"भिऊ नको. तो काय म्हणतो ते वाच."

वाचते.
प्रिंटर जोडा. नाव द्या. दिलं: पंचायत-एक.
दोन कधी येणार नाही, तरी.
ड्रायव्हरच्या यादीत आमचं मॉडेल नाही,
त्याच्या थोरल्या भावाचं आहे, तेच लावलं.
चाचणीचं पान आलं रंगीत चकतीसकट.
झाडू थांबवून शेवंतीबाय म्हणाली, "सोबीत."

आणि करंट गेला.

सांग्याकडे करंट जातो तेव्हा कोणी मान वर करत नाही.
आला तेव्हा राउटर हिरवा, प्रिंटर हिरवा,
आणि पडद्यावर: प्रिंटर सापडत नाही.
अरे, भिंतीपलीकडे गुरगुरतोय, मला ऐकू येतंय!
सापडत नाही.
पिंग करते, विहिरीत खडा टाकावा तसं.
आवाज वर येत नाही.

बाकावर कुष्टा वेळीप, रहिवासी दाखल्यासाठी.
रोज मी बटण दाबते,
रोज तो चपला शोधतो आणि जातो.
सातव्या दिवशी विचारलंन, "कितें जालां गो ताका?"
सकाळीच मास्तरांकडून कळलेलं सांगितलं:
करंट गेला की राउटर सगळ्यांना नवे नंबर वाटतो.
तेव्हा हा सदतीस होता, आता एकोणीस.
मी जुन्याच दारावर टकटक करत्येय.

तो हसला नाही.
"आमकांय नंबर दिल्ले, धरणाच्या वेळार.
प्लॉट दोनशें चार.
टपालवालो म्हयनोभर
उदकाच्या देगेर येवन उबो रावतालो."

प्रिंटरच्या पाठीवर, धुळीखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत
त्याचा जन्माचा क्रमांक सापडला,
करंट गेला तरी न बदलणारा.
राउटरला लिहून दिलं: ही खूण घेऊन जो येईल
त्याला सदतीस. दुसऱ्या कुणाला नाही.
जतन करा.
प्रिंटर बंद केला. चालू केला.

आधी खाकरला, मग सुटलाच.
रांगेत अडकलेले सगळे दाखले,
कुष्टा वेळीप, राहणार वाडे,
कुष्टा वेळीप, राहणार वाडे,
कुष्टा वेळीप,
सात.

"सात फावटीं हांव हांगाचो," तो म्हणाला.
एकावर शिक्का मारून घेतला.
बाकीचे पालथे करून बघितले.
"फाटल्यान कोरे आसात. नातवाक बेरजो करूंक जातले."

मी मार्करने प्रिंटरवर मोठं ३७ लिहिलं
आणि करंट जायची वाट बघत बसले.