वाकडं कोपर

स्टोअर नंबर चारमध्ये, फायर-होजच्या कपलिंगांखाली
तो मला सापडला, पुठ्ठ्याच्या खोक्यात, भुशात निजलेला.
वीतभर पितळी माणूस. डोक्याला टोपी,
डाव्या हातात पंजा, एक पाय पार छातीशी,
उजवा हात मागे, कोपरात वाकडा.
मुठीत चिंचोक्याएवढा चेंडू.

अमेरिकन साहेब मीना अब्दुल्ला सोडून गेले सत्त्याहत्तरला.
एसी नेले, कुत्री नेली, गोल्फच्या काठ्या नेल्या.
हा राहिला.
बुडाच्या लाकडावर सहा पट्ट्या:
एकसष्टचा डॉयल, बासष्टचाही डॉयल,
मग कुणी हटसन, मग चार वर्षं कुणीच नाही,
आणि एका पट्टीवर नुसतंच "लेफ्टी".
वाळूतली त्यांची बेसबॉलची लीग, पाच टीमांची,
उत्तम फेकणाऱ्याला हा.
लेफ्टी कोण, ते सांगायला बंदरावर कुणी उरलं नव्हतं.

"अरे, हा तर बट्टा टाकतोय," दाऊद मापारी म्हणाला,
फिटर, साखरीनाट्याचा,
"अंपायर पहिल्याच बॉलला हात आडवा करील."
तरी आम्ही तोच घेतला, आमच्या बोलरांसाठी.
नवा कप फाहिलला अकरा दिनार,
आणि अकरा दिनारांत गावाला महिना निघत असे.

शुक्रवारी साडेपाचला टॉस,
जुम्म्याच्या आत शेवटची ओव्हर पडायला हवी.
क्रूड शिंपडून बसवलेली वाळू, वर काथ्याची मॅट.
मी स्कोअरर. खेळता कधी आलं नाही,
अक्षर बरं होतं.

अठ्ठ्याहत्तर: मापारी, एकतीस विकेट.
एकोणऐंशी: मापारी. मग माज चढला,
ऐंशीला सतरा.
मग मेसमधला तिलकसिरी, सिलोनचा,
कांदे कापून बोटं सुजलेली, तरी लेग-ब्रेक असा
की बॅट्समन मॅटकडे बघत राही, पाकीट पडल्यासारखा.
पंच्याऐंशीला कुरियाकोस टायपिस्ट. खोदणाऱ्याने
नावाचं स्पेलिंग चुकवलं, ते त्याने स्वतः कानशीने दुरुस्त केलं.
एकोणनव्वदला अब्दुल रऊफ, झेलमचा, बसचा ड्रायव्हर.
सव्वीस. त्यातली नववी संशयास्पद,
माझ्या वहीत तिथे पेन्सिलीची खूण आहे.

नव्वदची पट्टी मी जुलैतच आणून ठोकली, कोरी.
स्वस्त मिळाली म्हणून.

ऑगस्टात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे.
रऊफने आम्हाला बसमध्ये कोंबलं,
बावन्न सीटांत एक्क्याण्णव.
बसऱ्याच्या पुढे एका नाक्यावर शिपायाने माझी वही उघडली.
टिंबं, फुल्या, मधेच डब्ल्यू.
हे काय, त्याने विचारलं.
हिशेब, रऊफ म्हणाला.
जॉर्डनच्या सीमेवर आम्हाला उतरवून तो मागे फिरला,
दुसरी खेप आणायला.

ब्याण्णवला परत गेलो. भिंती काळ्या,
स्टोअर चारला छप्पर नाही. पितळी माणूस काजळीत उभा,
मुठीत चेंडू नाही.
"टाकला एकदाचा," मापारी म्हणाला, आणि हसला नाही.
पंपाच्या बेअरिंगमधली एक गोळी त्याने तिथे झाळून बसवली.
जरा मोठी झाली. राहू दे, म्हटलं.

कोऱ्या पट्टीवर रऊफचं नाव घालावं, मी कमिटीत मांडलं.
कुरियाकोस म्हणाला, विकेट किती लिहायच्या?
सीझनच झाला नाही.
बरोबर होतं त्याचं. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही.

आता मी लांज्यात. गुडघे गेले, वही आहे.
मार्चच्या शेवटी कुणीतरी फोटो पाठवतं.
यंदा एक नेपाळी वॉचमन, डिल्लीराम,
मिसरूडही नीट न फुटलेला.
मी दोन बोटांनी फोटो मोठा करतो,
पट्ट्या आता तीन थरांत, नव्वदची शोधतो.
डिल्लीरामचा अंगठा नेमका तिथे.
कोपर दिसतं मात्र.
अजून वाकडंच.