दीडशे फुटांवरून

बावीस हिवाळे मी ओरिसियाला पाहिलं
ते बहुतेक दीडशे फुटांवरून.
बर्फाच्या त्या टोकाला ती,
ब्रश उभा रोवून:
इथं. याच्यावर नेम धर.
करंगळीएवढी बाई,
आवाज मात्र माझ्या मानगुटीवर बसलेला.

सस्काचेवानातलं आमचं गाव म्हणजे
धान्याचं एक उंच कोठार,
दोन चर्चं, त्यातल्या एकाला कांद्यासारखा घुमट,
आणि बर्फाच्या तीन पट्ट्यांवरची ही पत्र्याची शेड.
बाहेर उणे अडतीस.
आत उणे चार. आम्ही त्याला ऊब म्हणायचो.

कर्लिंग समजावून सांगायला गेलं की हसू येतं.
वीस किलोचा दगड, त्याला किटलीसारखा दांडा.
एकीनं तो सोडायचा,
दोघींनी त्याच्यापुढं बर्फ घासत पळायचं,
आणि एकीनं लांबून ओरडायचं.
ओरडते ती कप्तान.
नवरा म्हणायचा, घरची फरशी
कधी एवढ्या जीव तोडून पुसली नाहीस.
खरं होतं.

पण दगड वळतो.
हातातून सुटल्यावर, उशिरा,
साखरपुडा झाल्यावर मत बदलणाऱ्या पोरीसारखा.
आणि तो कुठं थांबणार
हे तो निघायच्या आधी तिला दिसायचं.
कसं? म्हटल्यावर म्हणाली:
काल रात्री बर्फावर थेंब शिंपडताना
म्हाताऱ्या स्टेफानला डावीकडे खोकला आला.
तिथं खडबडीत असणार.

पहाटे चारला सराव, सहाला शाळेची बस.
पोरं म्हणायची, ही वळण घेते तेव्हा
आपण पडत नाही.
लॉरेटला तिनं नाताळच्या दोन दिवस आधी काढलं संघातून,
फोनवर, चार वाक्यांत.
लॉरेट तिच्या सख्ख्या भावाची बायको.
सहा नाताळ त्या घरात दोन वेगळी जेवणं झाली.
मी काही बोलले नाही. माझी जागा शाबूत होती.

मग यॉर्कटनची ती अंतिम लढत.
शेवटचा डाव. डेल्फिनचा दगड
हळू, सुरेख, वर्तुळात शिरत होता
आणि ओरिसिया पुढं येऊन घासायला वाकली.
ब्रशचा एक केस. तेवढाच लागला.
पंचाला दिसला नाही, त्या चौघींना नाही,
काचेमागच्या तीनशे माणसांनाही नाही.
मला दिसला.
आणि मी गप्प राहिले असते,
हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.
तिनं हात वर केला.
"जळला," म्हणाली, आणि तो दगड
स्वतःच्या पायानं बाजूला सारला.

शेवटचे दोन दगड कप्तानाचे.
त्या वेळी ती चालत आमच्या टोकाला यायची
आणि तेवढ्यापुरती आमच्याएवढी व्हायची.
नाकातून श्वास येतोय, ओठ फुटलेत, हे दिसायचं.
आम्ही घासलं. खांदे निखळेपर्यंत घासलं.
बोटाच्या पेराएवढं कमी पडलं.

जिंकणाऱ्यांनी हरणाऱ्यांना पाजायची, अशी रीत आहे.
तिनं ती राय व्हिस्की पूर्ण संपवली,
त्यांच्या कप्तानाच्या पोराची चौकशी केली.
परतीच्या तीन तासांत एकच वाक्य:
"मागच्या उजव्या टायरात हवा कमी आहे."

पुन्हा तिथवर आम्ही कधी पोचलो नाही.
पेपरात तिच्याबद्दल आलं ते एवढंच.

आता तिला वाकता येत नाही.
काठीनं ढकलते दगड, बुधवारी दुपारी, म्हाताऱ्यांच्या गटात.
गेल्या आठवड्यात म्हणाली, ब्रश तू धर.
मी पहिल्यांदा त्या टोकाला गेले.
इतकं शांत असतं तिथं, ठाऊक नव्हतं.
मी रोवला ब्रश. तिनं पाहिला,
आणि दगड दोन हात डावीकडे सोडला.
चिडून ओरडणार तोच तो वळायला लागला,
वळतच राहिला,
माझ्या बुटापाशी येऊन थांबता थांबता

"लागला?"
तिकडून आवाज आला, पूर्वीसारखाच.

शेडमध्ये आम्ही दोघीच होतो.
जेमतेम लागला होता.
मी हात वर केला.