छप्पर उतरवण्याचा क्रम

आधी उजवा, मग डावा.
उजव्याचा ओठ डाव्यावर चढलेला असतो,
म्हणून.
वैजयंती सांगते, मी पाना धरून उभा.
इंदिरानगर, सोसायटीचं पार्किंग, रात्रीचे साडेदहा.
जीपचं छप्पर म्हणजे दोन फळ्या,
बाकी सगळं रबर आणि विश्वास.

चार काळ्या कळा फिरवल्या, खटके सुटले,
डोक्यावरचा सवयीचा अंधार उचलला गेला.
तिथं आता ट्यूबलाइट, एक पाल,
आणि टाकीकडे जाणारा गळका पाइप.

फळ्या जुन्या चादरीत गुंडाळल्या,
कपड्यांच्या दांडीची कप्पी होती, तिच्यावरून वर ओढल्या.
त्या जाऊन थांबल्या
बेडमुथांच्या स्कूटरच्या बरोबर वर.
काका जिन्यात आले, बघून गेले,
काही बोलले नाहीत.
म्हणजे उद्या बोलणार.

कपाट आंब्याचं, भद्रकालीतल्या सुताराचं,
उंची सहा फूट एक इंच.
आडवं घातलं तर मागचं दार लागत नाही,
तिरकं घातलं तर पुस्तकं कुठं?
उभंच जाईल, असं तिनं
पावतीच्या मागे गणित मांडून ठरवलं.
रात्रशाळेत पंचवीस वर्षं गणित शिकवलंय,
तिच्या हातच्याला कोण विचारणार!

जड खाली. हलकं वर. लागणारं हाताशी.
तीन वाक्यांत तिचा सगळा धर्म.
द्राक्षांच्या क्रेटमध्ये पुस्तकं, कणे वर करून,
एका फटीत अजून वाळका देठ.
जॅक सीटखाली, पाण्याचा कॅन कोपऱ्यात,
पट्टा अलीकडून पलीकडे, पुन्हा अलीकडे,
ओढून बघायचा,
मग दोन बोटं घालून बघायचा.
आणि कळा,
हरवू नयेत म्हणून,
कपाटाच्या खणात.

पहाटे पेठ रोड.
सावळघाटात कपाट डोकं बाहेर काढून
पहिल्यांदाच डोंगर बघत होतं.
समोरचा टेम्पोवाला हॉर्न द्यायचा विसरला.
वळणावळणाला वैजयंती मागे हात नेऊन त्याला धरायची,
शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याला धरावं तसं.
नोव्हेंबरचा गारठा थेट मानेत.
मफलर सगळ्यात तळाशी होता.
हलकं वर, असं मी म्हणालो नाही.

बाऱ्ह्याच्या पुढे, पाड्यावरच्या शाळेत
देवराम भोये गुरुजी आणि सहा जणांनी
कपाट वरूनच काढलं,
विहिरीतून काढावं तसं, सावकाश, आवाज देत.
चौथीतली जाई गावित
चाकावर चढून आत डोकावली.
"झाकण कुठंय?"
"नाशिकला. एका स्कूटरवर."
तिला हे अगदी पटलं.

परतीला कळलं,
भरलेली गाडी गप्प असते.
रिकामी झाली की पाना बोलतो, कॅन बोलतो,
सैल पट्ट्याचं बक्कल कडेला टकटक करत
घाटभर काहीतरी विचारत राहतं.
वर इतक्या चांदण्या होत्या
की मी दोनदा खड्ड्यात घातली.
ती ओरडली नाही.

घरी आलो तेव्हा अकरा.
फळ्या उतरवल्या, आता उलटा क्रम:
आधी डावा, मग उजवा, ओठावर ओठ.
बसलं. अगदी चपखल बसलं.
तिनं हात पुढे केला.
"कळा?"

पार्किंगमध्ये पाइप गळत होता,
तो नीट ऐकू आला.

सकाळी गुरुजींचा फोन:
मॅडम, खणात चार काळी फुलं निघाली,
पोरं भोवरे म्हणून फिरवतात,
राहू देऊ का शनिवारपर्यंत?

फळ्या पुन्हा वर गेल्या.
बेडमुथा काका अजून बोललेले नाहीत,
फक्त दोरीच्या मोकळ्या टोकाला
नातवाचे मोजे वाळत घालतात.
आम्ही भाजी आणायला जातो कानटोप्या घालून,
सिग्नलला लोक वाकून बघतात.

शनिवारी जायचंय.
रिकामं कसं जायचं, ती म्हणते,
आणि टेप घेऊन जिन्याखाली वाकते.
तिथं सोसायटीचा जुना नोटीसफळा,
कोपऱ्यात गंजक्या टाचण्या,
साडेचार बाय तीन.

हा तर आडवा सहज बसेल, मी म्हणालो.
उभा नेऊ, ती म्हणाली.