उणे एक तृतीयांश

फॉर्ममध्ये एक रकाना होता:
पदवीनंतरच्या काळाचा तपशील द्या.
मी लिहिलं, सांगली मार्केट यार्ड, प्रयोगशाळा, पाच वर्षं.
हळदीतलं कुर्क्युमिन काढते.
कर्सर उघडझाप करत राहिला. मग?
मग काय. राजापुरी तीन पूर्णांक आठ, सेलम जरा वर,
व्यापारी वाकून आकडा बघतो
आणि आकडा आवडला नाही की माझ्याकडे बघतो.

नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचं.
दहावीला पद्मजा बाळगोंडा,
पदवीला पद्मजा बाळासाहेब
(कुणा कारकुनाला आप्पांचं नाव जुनाट वाटलं असणार),
आधारवर नुसतीच पद्मा.
स्टँपपेपरवर लिहून दिलं
की या तिघीही मीच.
शपथेवर सांगताय ना, वकील म्हणाला.
मी जरा थांबलेच.

शिफारसपत्रासाठी तासगावला गेले.
उपाध्ये सर बेदाण्याच्या शेडमध्ये, सदऱ्याला गंधकाचा वास,
म्हणाले, लिंक उघडत नाही गं, तूच लिही, मी हो म्हणतो.
तिथंच रिकाम्या क्रेटवर बसून
स्वतःबद्दल तृतीय पुरुषात लिहिलं:
ती चिकाटीची आहे. तिला प्रश्न पडतात.
सरांनी चष्मा वर सरकवला,
दुसरं वाक्य आधी घे.

चुकलं तर उणे एक तृतीयांश.
सोडून दिलं तर शून्य.
हा नियम मला शिकवावा लागला नाही.
जतचं स्थळ आलं होतं, मी काहीच बोलले नाही, ते गेलं.
पाच वर्षांपूर्वी याच परीक्षेचा फॉर्म
फी भरायच्या पानावर ठेवून झोपले.
काही वजा झालं नाही.
किंवा झालं असेल,
गुणपत्रिका कुणी दाखवली नाही.

केंद्र शिरोलीला, एमआयडीसीच्या मागं.
कानातलं काढा, पिना काढा, अंगठा ठेवा.
लाल.
पुन्हा ठेवा. लाल.
रेषाच नाहीत की, मशीनवरचा पोरगा म्हणाला,
करता काय तुम्ही?
अ‍ॅसिटोन, म्हटलं. रोज.
आष्ट्याचा होता तो. केसात घासा ताई,
तेलानं लागतोय.
मी घासला. हिरवा.
खरा तपशील तो अंगठाच होता,
फॉर्मला जोडायची सोय नव्हती.

तीन तास. शेजारची मुलगी माऊस आपटत होती.
सदतिसावा प्रश्न: एक रेणू, आडवा, लांबलचक,
दोन टोकांना दोन वलयं.
याचं एनॉल रूप अधिक स्थिर का?
ब की ड. ब की ड.
उणे एक तृतीयांश.
सोडला.

परतीची एसटी जयसिंगपूरला भरली.
मी खिडकीशी, मांडीवर रिकामी पाण्याची बाटली,
प्रवेशपत्राची घडी घालत, उलगडत.
अंकलीच्या पुलावर
नदीवर उन्हाची शेवटची पट्टी होती, पिवळी,
आणि एकदम कळलं,
अगं, ती तर हळद होती.
रोज सकाळी जिला ढवळते, गाळते,
चारशे पंचवीसवर ठेवून मोजते,
तीच, नाव न लिहिता पडद्यावर काढलेली,
आणि मी तिला ओळख दिली नाही.
ब होतं. अर्थात ब होतं.
कंडक्टर म्हणाला, काय झालं?
मी हसत होते बहुतेक.

घरी पोचले तेव्हा दिवस बुडून गेला होता.
आमच्यात मग जेवण नाही, पाणीही नाही
आई तरी घेत नाही.
ओट्यावर दोन ताटं पालथी.
तू जेवली नाहीस?
म्हटलं येशील उजेडात.
आता सकाळपर्यंत ती उपाशी,
माझ्यामुळं, न सांगता,
आणि हे कुठल्या रकान्यात धरायचं
मला कळेना.

कसा गेला, तिनं विचारलं.
एक सोडला, म्हटलं.
एकच?
एकच नव्हता. पण त्या एकाचं
सांगत बसले तिला,
ताट पालथंच ठेवून, हातानं हवेत
दोन वलयं काढत,
मधे तो हायड्रोजन कसा दोघांनाही धरून असतो ते.
ती बघत होती माझ्या बोटांकडं,
नखांत अजून पिवळं होतं.