डावी बाजू

चारही फोटोंत डावी बाजू भिंतीकडे.
हे मला नंतर दिसलं.
तेव्हा दिसला फक्त रंग, बिंबलीसारखा हिरवा,
आणि परवडणारी किंमत: साडेतीन हजार,
चिंचिणीहून दोन बस बदलून डिचोलीला,
कंडक्टरचे शंभर वेगळे.

स्टँडवर गोणपाटातली फ्रेम खांद्यावर घेतली
तशी वाटलं, चाकं नाहीत एवढंच,
बाकी सायकल झालीच.

उल्हास च्यारीने मात्र चहा बाजूला ठेवला,
पान्याच्या टोकाने एकेक नळी वाजवत गेला.
टण्. टण्.
खालच्या नळीवर टक्.
नारळ घेताना करतात तशी मान केली त्याने,
पुन्हा वाजवली. टक्.
मग नखाने सोलला एक स्टिकर
(फुटबॉलचा, वाघ की सिंह कळत नव्हतं).
खाली पुट्टी,
पुट्टीखाली चीर,
पेडलच्या सांध्यापासून वर चढलेली,
माझ्या करंगळीहून लांब.

फोन लावला तेव्हा वाक्यं जुळवून ठेवली होती.
फसवणूक हा शब्द होता त्यांत, दोनदा.
ब्राज फुर्तादो. म्हातारा आवाज, मागे कुकरची शिट्टी.
सायकल पोराची, म्हणाला. पोर स्विंडनला, गोदामात.
जाण्याआधी त्यानेच रंगवली, फोटोही त्याचेच.
मी म्हटलं, तडा आहे. लपवलेला.

तिकडे बराच वेळ काही नाही.
मला वाटलं, आता भांडेल.
"म्हणजे पडिल्लो तो?"
कुकरची आणखी एक शिट्टी.
"केन्ना?"

मला कसं ठाऊक.
"व्हडली आसा ती चीर?"

उल्हास समोरून बोटं चोळत होता: पैसे, पैसे.
मी चिरेला करंगळी लावून पाहिली.
अशी नळी कठड्याला घासून फाटत नाही.
कुठल्यातरी उतारावर काहीतरी झालं होतं
आणि एक मुलगा घरी येऊन
लांब बाह्यांचा शर्ट घालून जेवला होता.

"नखाएवढी," मी म्हटलं.
"उभी केलेली पडली असेल. स्टँड नसतोच हिला."

मग पैशांचं त्यानेच काढलं, मी विसरलोच होतो.
दीड हजार परत, सोमवारी, त्याच कंडक्टरकडे,
आणि सुके बांगडे, चालतील ना.
चालतील म्हटलं.

उल्हास म्हणतो, जोड देतो,
पण साखळीच्या उतारावर नेऊ नकोस.

सोमवारी पुडकं आलं.
बांगड्यांना गुंडाळलेल्या कागदात नोटा,
नोटांत रोमी लिपीतली चिठ्ठी,
मी अक्षर अक्षर लावून वाचली:
त्या बाजूचा एक फोटो धाड.

अजून धाडलेला नाही.
तसल्या हिरव्याचा डबा
म्हापशाला मिळतो म्हणे.